‘थ्रॉंग’ कधी, कुठे, कसा: गर्दीच्या इंग्रजी शब्दांची पहिली उजळणी

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या माझ्या संध्याकाळच्या वर्गात मी मुलांना दरवर्षी एकच काम देते. काल राजवाड्यावर गेर (रंग उडवत निघणारी मिरवणूक) पाहिलीत ना, मग पाच वाक्यं इंग्रजीत लिहा. वह्या हातात आल्या की निम्म्यांत तेच वाक्य असतं: ‘देअर वॉज टू मच क्राउड.’ कुणी ‘टू मच रश’ लिहितो, कुणी ‘लॉट ऑफ पब्लिक’. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘द मॉब वॉज व्हेरी हॅपी.’ तिला म्हणायचं होतं, लोक खुशीत होते. इंग्रजी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र दगड घेतलेला जमाव उभा राहतो.

तीच मुलं मराठीत बोलायला लागली की ऐकत राहावंसं वाटतं. ‘काकू, टोरी कॉर्नरला काय रेटारेटी होती!’, ‘राजवाड्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती’, ‘टँकरनं रंग उडवला तशी नुसती झुंबड’. रेटारेटी, झुंबड, घोळका, लोंढा, रीघ हे शब्द कुठे वापरायचे ते त्यांना कुणी शिकवलं नाही, ते घरात ऐकून आलेत. इंग्रजीत मात्र गर्दी म्हणजे क्राउड, एवढंच पाठ झालेलं असतं. म्हणून हा लेख. वर्गातल्या मुलांसाठी, आणि स्पर्धा परीक्षांसाठी बाहेरगावाहून येऊन भंवरकुआंला खोली घेऊन राहणाऱ्यांसाठीही. मध्यभागी मी ‘थ्रॉंग’ हा शब्द ठेवला आहे, कारण तो एकदा नीट कळला की आजूबाजूचे शब्द आपोआप आपल्या जागी बसतात.

सगळ्या पायऱ्यांवर एक गोष्ट धरून चाला. गर्दी किती होती हे आकडा सांगतो. शब्दानं सांगायचं असतं ते गर्दी काय करत होती.

पायरी १: आधी जिभेवर बसवा

स्पेलिंग टी-एच-आर-ओ-एन-जी. साँग, लाँग, स्ट्राँग यांच्याशी यमक जुळतं. सुरुवातीचा ‘थ’ आपल्या ‘थाळी’तला नाही. थाळी म्हणताना जीभ दातांमागे टेकते आणि हवा अडून सुटते. इथे जिभेचं टोक दातांच्या मध्ये अलगद धरून हवा सोडत राहायची, ‘थिंक’ म्हणताना सोडतो तशी.

शेवटी ‘ग’ वाजत नाही. ‘रंग’ म्हणायला लागा आणि ‘ग’ फुटायच्या आत थांबा. जो नाकातला आवाज राहतो तोच इथला शेवट. ‘थ्रॉंगिंग’मध्येही मधला ‘ग’ मुकाच असतो. ‘स्ट्राँगर’, ‘लाँगर’मध्ये तो स्पष्ट ऐकू येतो, त्यामुळे मुलांची गल्लत होते. मधला ‘र’ मात्र खाऊ नका. तो गेला की शब्द ‘थॉंग’ होतो, आणि तो चपलेचा पट्टा किंवा अंतर्वस्त्राचा एक प्रकार आहे. मुलाखतीत बोलताना ही काळजी घ्याच.

पायरी २: शब्दाच्या पोटातला रेटा ओळखा

जुन्या इंग्रजीत ‘थ्रिंगन’ असं क्रियापद होतं. अर्थ दाबणं, रेटणं, घुसणं. ‘थ्रॉंग’ त्याच घरातला. जर्मनमध्ये ‘ड्रांग’ म्हणजे आजही रेटा, ओढ. म्हणजे या शब्दात माणसांच्या संख्येपेक्षा त्यांचं एकमेकांना लागणं महत्त्वाचं आहे.

शनिवारी रात्री साडेदहाला सराफ्यात उभे राहा. सोन्याचांदीची दुकानं बंद झालेली, त्यांच्या पायऱ्यांपुढे गाड्या लागलेल्या. भुट्ट्याच्या किसाच्या कढईपाशी तुम्ही पाच पावलं चालता, पण ती तुमची नसतात. मागच्याच्या छातीनं ढकललं म्हणून तुम्ही पुढे गेलात. पुढच्याच्या हातातला दोना तुमच्या बाहीला लागतो. जिलेबाच्या गाडीपाशी वळायचं असतं आणि लोक तुम्हाला दहीवड्याकडे घेऊन जातात. हे थ्रॉंग. आपल्या मराठीत त्याच्या सगळ्यांत जवळचा शब्द मला ‘झुंबड’ वाटतो, ‘दाटी’ही चालेल.

आता त्याच माणसांना एका मोठ्या मैदानात ऐसपैस बसवा. संख्या तेवढीच, पण थ्रॉंग संपला. ८ डिसेंबर २०११ ला होळकर स्टेडियमवर वीरेंद्र सेहवागनं वेस्ट इंडीजविरुद्ध २१९ धावा केल्या, तेव्हा स्टेडियममध्ये होतं ते क्राउड. प्रत्येकाला खुर्ची होती. सामना सुटल्यावर फाटकाशी जे झालं असेल त्याला थ्रॉंग म्हणता येईल.

गंमत म्हणजे ‘क्राउड’चं मूळही ढकलणं हेच आहे. जुन्या इंग्रजीतलं ‘क्रूदन’ म्हणजे रेटणं. वापरून वापरून त्याची धार गेली आणि तो साधा, सर्वांना चालणारा शब्द झाला. थ्रॉंगनं आपली धार राखली.

पायरी ३: नाम म्हणून

साचा सोपा आहे: ‘अ थ्रॉंग ऑफ’ आणि पुढे माणसांचं अनेकवचन. अ थ्रॉंग ऑफ डिव्होटीज, अ थ्रॉंग ऑफ रिपोर्टर्स. गर्दी फार पसरलेली दाखवायची तर ‘थ्रॉंग्ज ऑफ’. माणसांपलीकडे हा शब्द सहसा नेऊ नका. ‘थ्रॉंग ऑफ प्रॉब्लेम्स’ असं कुणी म्हणत नाही. तिथे ‘अ मल्टिट्यूड ऑफ’ किंवा सरळ ‘मेनी’.

क्रियापद एकवचनी की अनेकवचनी, हा प्रश्न प्रत्येक तुकडीत निघतो. अमेरिकन पद्धत समूहवाचक नामाला एकवचन लावते, ब्रिटिश पद्धतीत दोन्ही चालतं. परीक्षेसाठी माझा सल्ला: ‘द थ्रॉंग’ एकटा असेल तर ‘वॉज’, ‘थ्रॉंग्ज’ असेल तर ‘वेअर’. आणि एका वाक्यात ‘वॉज’ लिहून पुढे ‘त्यांचं’ या अर्थाचं ‘देअर’ म्हणू नका.

पायरी ४: क्रियापद म्हणून, म्हणजे खरी गंमत इथे आहे

वर्तमानपत्रांना हा शब्द क्रियापद म्हणूनच आवडतो, कारण मथळ्याच्या ओळीत तो थोडक्या जागेत मोठं चित्र उभं करतो. ‘डिव्होटीज थ्रॉंग खजराना टेम्पल.’ घटना कालची असली तरी मथळ्यात वर्तमानकाळ वापरतात. तुमच्या निबंधात ‘थ्रॉंग्ड’ लिहा.

मराठी बोलणाऱ्याचा पाय घसरतो तो इथे. आपण म्हणतो ‘भक्तांनी मंदिरात गर्दी केली’. त्या ‘मंदिरात’मधला ‘त’ आपण इंग्रजीत घेऊन जातो आणि लिहितो, ‘डिव्होटीज थ्रॉंग्ड इन द टेम्पल.’ तो ‘इन’ काढून टाका. थ्रॉंग हे क्रियापद जागेला थेट कवेत घेतं: ‘डिव्होटीज थ्रॉंग्ड द टेम्पल.’ मराठीत याला जवळ जाणारी रचना म्हणजे ‘भक्तांनी मंदिर फुलून गेलं’. तिथेही मंदिराला ‘त’ लागत नाही. हे वाक्य मनात ठेवलंत की इंग्रजी चुकणार नाही.

जागेपासून सुरुवात करायची असेल तर ‘वॉज थ्रॉंग्ड विथ’. ‘द लेन वॉज थ्रॉंग्ड विथ शॉपर्स.’ इथे ‘विथ’ हवा. लोक कुठे निघाले ते सांगायचं असेल तर ‘थ्रॉंग्ड टू’, आणि कशासाठी ते सांगायचं तर पुढे क्रियापद: ‘पीपल थ्रॉंग्ड टू सी द झांकीज.’ (झांकी म्हणजे चित्ररथ.) एखाद्या माणसाला घेरलं तर ‘थ्रॉंग्ड अराउंड हिम’.

यातले पहिले चार साचे एकाच जागेवर घासून पाहा. माझ्या वर्गात आम्ही अनंत चतुर्दशी घेतो. कापड गिरण्यांच्या कामगारांनी सुरू केलेली झांक्यांची मिरवणूक रात्रभर चालते. गिरण्यांचे भोंगे कधीच बंद झाले, पण झांक्या निघतात, आणि आजोबा-पणजोबा गिरणीत असलेली घरं अजून त्या रात्री रस्त्यावर येतात. तर: फॅमिलीज थ्रॉंग्ड द रूट. द रूट वॉज थ्रॉंग्ड विथ फॅमिलीज. फॅमिलीज थ्रॉंग्ड टू द रूट. फॅमिलीज थ्रॉंग्ड टू सी द लाइट्स. चारदा मोठ्यानं म्हटलं की कान तयार होतो.

एक सूचना. हा लिहिण्याचा शब्द आहे, बोलण्याचा फारसा नाही. मैत्रिणीला फोनवर ‘सराफा वॉज थ्रॉंग्ड’ म्हणालात तर व्याकरण बरोबर, पण बातमी वाचल्यासारखं वाटेल. बोलताना ‘इट वॉज पॅक्ड’ म्हणा.

पायरी ५: शेजाऱ्यांशी गाठ घालून द्या

‘फ्लॉक’ आणि ‘थ्रॉंग’ यांतला फरक मला फार आवडतो. फ्लॉक म्हणजे थवा, कळप. ‘टूरिस्ट्स फ्लॉक टू सराफा’ यात लांबून येणाऱ्यांची ओढ आहे. ते आले, गल्लीत शिरले, खांद्याला खांदा लागला की थ्रॉंग सुरू. पहिला वाटेवरचा शब्द, दुसरा पोचल्यानंतरचा.

‘मॉब’ हा लॅटिन ‘मोबिले वुल्गुस’चा तुकडा. अर्थ चंचल लोक, क्षणात इकडून तिकडे हलणारे. तुमच्या खिशातल्या मोबाइलचा ‘मोबाइल’ याच कुळातला, हलणारा. सतराव्या शतकाच्या शेवटी लोकांनी तो तोडून मॉब केला, आणि जोनाथन स्विफ्टला असे अर्धवट तोडलेले शब्द मुळीच सहन होत नसत. त्यानं १७१० मध्ये त्यांच्याविरुद्ध लिहिलं. मॉब टिकलाच. आजही त्यात राग, मोडतोड, कायदा हातात घेणं आहे. मराठीत ‘जमाव’ आपण बातमीत ज्या सुरात म्हणतो तोच सूर. म्हणून गेरीतल्या लोकांना मॉब म्हणू नये. अपवाद एक: क्रियापद झाल्यावर तो प्रेमळ होऊ शकतो. ‘द बॅट्समन वॉज मॉब्ड बाय फॅन्स’ म्हणजे चाहत्यांनी त्याला गराडा घातला.

जमावावरून कायद्याचा शब्दही पाहून घ्या, परीक्षेत येतो. बेकायदा जमाव म्हणजे ‘अनलॉफुल असेंब्ली’. त्याला किमान पाच माणसं लागतात. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ मध्ये आहे. आपण ज्याला सवयीनं ‘एकशे चव्वेचाळीस लागलं’ म्हणतो तो जमावबंदीचा अधिकार आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ मध्ये गेला आहे.

‘होर्ड’ची गोष्ट तर आपल्या दारातली. तुर्की भाषांत ‘ओर्दू’ म्हणजे लष्करी तळ, छावणी. तिथून पोलिश भाषेतून तो इंग्रजीत आला आणि टोळधाडीसारख्या येणाऱ्या टोळीचा अर्थ घेऊन बसला. तोच शब्द फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला आणि भाषेचं नाव झाला: उर्दू, छावणीची भाषा. इंदुरात छावणीला धान्य घ्यायला जाल तेव्हा आठवा, होर्ड आणि उर्दू या दोघींचं माहेर छावणीच. वापरताना मात्र जपून. ‘होर्ड्स ऑफ टूरिस्ट्स’मध्ये लिहिणाऱ्याचा वैताग दिसतो. शिवाय स्पेलिंग एच-ओ-आर-डी-ई. उच्चार तोच ठेवून एच-ओ-ए-आर-डी लिहिलंत तर तो साठा होतो, साठेबाजाच्या गोदामातला.

‘स्वॉर्म’ मधमाश्यांचा. माणसांना लावला की त्यांना कीटक केल्यासारखं होतं. २०१५ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी युरोपात येणाऱ्या स्थलांतरितांना हा शब्द लावला आणि त्यांच्यावर मोठी टीका झाली. एक शब्द, पण त्यातून बोलणारा माणसांकडे कसा पाहतो ते कळतं.

‘मल्टिट्यूड’मध्ये रेटा नाही, विस्तार आहे. उज्जैनला २०१६ च्या सिंहस्थात क्षिप्रेच्या घाटांवर नजर जाईल तिथवर माणसं होती, तो मल्टिट्यूड, आपला ‘जनसागर’. २०२८ च्या सिंहस्थावर निबंध लिहाल तेव्हा दूरचं दृश्य मल्टिट्यूडनं रंगवा आणि घाटाच्या पायरीवर उतरलात की थ्रॉंग घ्या. ‘ऑडियन्स’ ऐकणाऱ्यांचा, ‘स्पेक्टेटर्स’ पाहणाऱ्यांचा. ‘गॅदरिंग’ शांतपणे, ठरवून जमलेल्यांचा. हे तिन्ही तुम्हाला येतात, पुढे जाऊ.

पायरी ६: रश, पब्लिक आणि ‘टू मच क्राउड’

ही पायरी सगळ्यांत जास्त वेळ मागते, कारण इथे शिकायचं कमी आणि सोडायचं जास्त आहे.

‘आज सराफ्यात काय पब्लिक होती!’ हे इंदुरी मराठीतलं अस्सल वाक्य आहे, ते तसंच राहू द्या, मीही म्हणते. पण इंग्रजीत ‘द पब्लिक’ म्हणजे सर्वसामान्य जनता. गर्दी नव्हे. ‘देअर वॉज सो मच पब्लिक’ला इंग्रजीत अर्थच नाही.

‘रश’ म्हणजे घाई, धावपळ. ‘रश अवर’मध्ये तो गर्दीच्या जवळ जातो, दिवाळीच्या खरेदीला ‘द दिवाली रश’ म्हणतात, तेवढं ठीक. पण ‘देअर इज टू मच रश इन द बस’ हे आपलंच. बसमध्ये घाई भरलेली नसते, माणसं भरलेली असतात.

‘टू मच क्राउड’ कसं झालं ते पाहा. मराठीत ‘गर्दी’ मोजता येत नाही, ‘पाणी’सारखी. खूप पाणी, खूप गर्दी. इंग्रजीत ‘क्राउड’ मोजता येतो: अ क्राउड, टू क्राउड्स. म्हणून त्याला ‘मच’ लागत नाही. ‘अ ह्यूज क्राउड’ म्हणा, नाहीतर जागेलाच कर्ता करा: ‘द बस वॉज क्राउडेड.’ ‘खूप गर्दी होती’ला माझ्या मते नव्वद वेळा तरी हेच उत्तर आहे, ‘इट वॉज व्हेरी क्राउडेड’.

एक आठवण इथे सांगते. माझा एक विद्यार्थी नोकरीच्या मुलाखतीला गेला होता. उशीर का झाला, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘देअर वॉज रश.’ समोरच्यांना वाटलं, स्वतःच्या घाईबद्दल सांगतोय. त्यांनी विचारलं, मग घाईत असून उशीर कसा? तो गोंधळला आणि पुढचा अर्धा तास सावरलाच नाही. हुशार मुलगा होता. घरी येऊन म्हणाला, ‘काकू, मी काय चुकीचं बोललो?’ त्या संध्याकाळपासून ही पायरी मी कधी गाळली नाही.

एक शब्द आपल्याकडचा, ज्याला इंग्रजीत जोड नाही: भाऊगर्दी. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या सैन्याची जी वाताहत झाली, त्यातून तो आला. तेव्हा ‘गर्दी’मध्ये धुमाळी, दाणादाण हा अर्थ होता. आज ‘तिकिटासाठी इच्छुकांची भाऊगर्दी’ म्हणताना पानिपत कुणाच्या मनात नसतं. याचं भाषांतर करायची वेळ आली तर ‘टू मेनी कंटेंडर्स’ लिहा. इथे थ्रॉंग नको, कारण हे इच्छुक एका जागी उभे नसतात.

पायरी ७: चेंगराचेंगरी लिहिताना

गर्दीत माणसं दगावली की भारतातल्या इंग्रजी बातम्या सरसकट ‘स्टॅम्पीड’ लिहितात. हा मेक्सिकोतल्या स्पॅनिशमधून आलेला शब्द, बिथरून उधळलेल्या गुरांच्या कळपाचा. तो वापरला की वाटतं, लोक घाबरून सैरावैरा पळाले आणि एकमेकांना तुडवून गेले. गर्दीचा अभ्यास करणारे म्हणतात, बहुतेक वेळा तसं होत नाही. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहापेक्षा जास्त माणसं कोंबली गेली की कुणालाच स्वतःचं पाऊल टाकता येत नाही, छाती फुगायला जागा उरत नाही, आणि माणसं उभ्या उभ्या गुदमरतात. पळायला जागाच नसते. म्हणून ते ‘क्राउड क्रश’ म्हणतात.

आपला ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द यात फार नेमका आहे. त्यात पळणं नाही, चेंगरणं आहे. स्टॅम्पीडमध्ये दोष गेलेल्या माणसांवर जातो, क्रशमध्ये अरुंद दरवाजाकडे आणि चुकलेल्या बंदोबस्ताकडे बोट जातं. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना या फरकानं फरक पडतो. तुम्ही बातमी लिहाल, अहवाल लिहाल, तेव्हा ‘क्राउड क्रश’ लिहा.

पायरी ८: एका दिवसाची गर्दी लिहून पाहा

आता वही घ्या आणि रंगपंचमीचा दिवस सकाळपासून लिहा. सकाळी गावभरातून लोक निघतात: ‘पीपल फ्लॉक्ड टू राजवाडा फ्रॉम ऑल ओव्हर द सिटी.’ गच्च्यांवर, खिडक्यांत बघे उभे: ‘स्पेक्टेटर्स फिल्ड द बाल्कनीज.’ गेर येते, तोफांसारख्या यंत्रांतून गुलाल चौथ्या मजल्यापर्यंत उडतो, ढोल जवळ येतो आणि रस्ता दिसेनासा होतो: ‘अ थ्रॉंग इन एव्हरी कलर प्रेस्ड अगेन्स्ट द पॅलेस गेट.’ इथे ‘प्रेस्ड’ मुद्दाम घेतलाय, थ्रॉंगच्या पोटातला रेटा बाहेर काढायला. मग दुपार उतरते: ‘द क्राउड थिन्ड आउट’, गर्दी विरळ झाली. एव्हाना थ्रॉंग उरला नाही म्हणून शब्दही खाली आला.

गेर गेली की गुलालानं माखलेल्या त्याच रस्त्यावर झाडू आणि पाण्याचे टँकर घेऊन सफाई मित्र उतरतात आणि संध्याकाळच्या आत राजवाडा धुऊन काढतात. तेही बरेच जण असतात, एकाच ठिकाणी असतात. एका मुलानं त्यांनाही ‘क्राउड’ लिहिलं होतं. मी त्याला विचारलं, ते काय करताहेत? त्यानं क्षणभर विचार केला, क्राउड खोडलं, आणि ‘क्रू’ लिहिलं.